ठवणीपासून पडद्यापर्यंत : वाचनसाधनाच्या मांडणीचा इतिहास आणि खुटबाव परिसर

१. प्रास्ताविक

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर यवत आणि केडगाव या दोन स्थानकांच्या दरम्यान खुटबाव हे स्थानक लागते. गाव दौंड तालुक्यातील. उसाच्या आणि गुऱ्हाळांच्या पट्ट्यातील. एकोणिसाव्या शतकाच्या सहाव्या दशकाच्या अखेरीस ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग पुण्याहून सोलापूरच्या दिशेने सरकला आणि या पट्ट्यात घड्याळ, तारयंत्र, छापील तक्ते व नोंदवह्या ही सारी साधने एकामागून एक येऊ लागली. त्या मालिकेतील अगदी अलीकडचे साधन म्हणजे संगणकाचा पडदा होय. ग्रामपंचायतीच्या कचेरीत, शाळेत, पतसंस्थेत, दुकानात आणि आता घराघरांत तो आहे.

पडद्यावर काय दिसते याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. तो कोठे ठेवावा, किती उंचीवर असावा, भिंतीत कसा पक्का करावा आणि कोणाच्या दिशेने वळवावा, हा प्रश्न मात्र सुताराचा किंवा तारतंत्र्याचा समजून सोडून दिला जातो. वस्तुतः तो फार जुना प्रश्न आहे. लिहिलेला मजकूर वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे नीट कसा धरावा, हे कोडे पोथी वाचणाऱ्या पुराणिकाला, दप्तर लिहिणाऱ्या कुलकर्ण्याला आणि खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्यालाही पडले होते. प्रत्येकाने आपापल्या परीने त्याचे उत्तर दिले, आणि त्या उत्तरांचे अवशेष मराठी शब्दसंग्रहात अद्याप टिकून आहेत. त्या अवशेषांच्या आधारे उंची, प्रकाश, भार आणि दिशा या चार अंगांनी या मांडणीचा इतिहास तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. शब्दांची साक्ष

वस्तू जागेवर ठेवण्याच्या क्रियेसाठी मराठीत एकच क्रियापद नाही. पाट मांडतात, चूल मांडतात, देव मांडतात. घट बसवतात, गणपती बसवतात, विहिरीवर पंपही बसवतात. कंदील टांगतात, तसबीर लावतात आणि भांडे नुसते ठेवतात. या क्रियापदांची वाटणी मनमानी नाही. ‘ठेवणे’ यात वस्तू केव्हाही उचलण्याची मोकळीक गृहीत असते. ‘मांडणे’ यात अनेक वस्तूंचा परस्परांशी असलेला क्रम अभिप्रेत असतो. ‘बसवणे’ म्हणजे एखाद्या जागी अशी प्रतिष्ठा करणे, की वस्तू आपल्या आधारावर स्थिर राहील. ‘टांगणे’ यात सारा भार वरच्या आधाराकडे जातो, तर ‘लावणे’ यात वस्तू एखाद्या पृष्ठाला चिकटून असते.

संगणकाचा पडदा मराठी बोलीत आरंभी ‘ठेवला’ गेला, पुढे ‘बसवला’ गेला, आणि चपट्या पडद्याच्या आगमनानंतर तो भिंतीला ‘लावला’ किंवा ‘टांगला’ जाऊ लागला. क्रियापदातील हा पालट म्हणजे वस्तूच्या वजनातील आणि आधारातील पालटाची नोंदच आहे. ज्याला ‘बसवायचे’ त्याला नुसते ‘ठेवले’, किंवा ज्याला भक्कम आधारावर ‘टांगायचे’ त्याला नुसते ‘लावले’, की अपघात संभवतो.

नामांची साक्षही अशीच बोलकी आहे. ‘ठवणी’ म्हणजे पोथी ठेवण्याची घडी. तिच्या दोन फळ्या एकमेकींत तिरप्या अडकवलेल्या असतात, त्यामुळे जमिनीवर मांडी घालून बसलेल्या वाचकाला पान आपल्याकडे कललेले मिळते. ‘ठाणवई’ ही दिव्याची उभी बैठक. समोरच्या पानावर उजेड पडावा, परंतु ज्योत डोळ्यांत खुपू नये, एवढ्या उंचीची. ‘देवळी’ किंवा ‘कोनाडा’ म्हणजे भिंतीत कोरलेली जागा. तेथे ठेवलेल्या वस्तूला भिंतच पोटात घेते, म्हणून ती पडत नाही. ‘व्यासपीठ’ हा शब्द आज सभेच्या मंचासाठी रूढ असला, तरी त्याच्या मुळाशी पुराण सांगणाऱ्याचे आसन आहे, आणि त्या आसनाची दिशा श्रोत्यांकडे आहे हे येथे लक्षात ठेवण्याजोगे आहे. उंची, प्रकाश, भार आणि दिशा ही चारही अंगे अशा रीतीने चार जुन्या शब्दांत आधीच नोंदवलेली आढळतात.

३. लेखनक्रिया आणि दप्तर

सतराव्या शतकातील ‘दासबोधा’च्या एकोणिसाव्या दशकातील पहिला समास लेखनक्रियेच्या निरूपणाला वाहिलेला आहे. अक्षराचे वळण, ओळींची समता, कागदाच्या कडेला सोडावयाची जागा, शाई व लेखणी यांची निगा अशा बारीकसारीक बाबींचा तेथे विचार केला आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यातील एक सूचना विशेष मोलाची आहे. तरुणपणी फार बारीक अक्षर काढले तर म्हातारपणी ते उपयोगी पडत नाही, म्हणून अक्षर मध्यम आकाराचे असावे, असे समर्थ सांगतात. लेखनाचा विचार त्यांनी केवळ लिहिणाऱ्याच्या हाताच्या अंगाने केला नाही, तर वाचणाऱ्याच्या वयाच्या आणि डोळ्यांच्या अंगानेही केला.

वय आणि दृष्टी यांचे हे नाते मराठीने एका शब्दात साठवले आहे. जवळचे वाचण्याच्या चष्म्यास मराठीत ‘चाळिशी’ म्हणतात. चाळिशीच्या सुमारास डोळ्यातील भिंगाची लवचिकता कमी होते आणि जवळचे अक्षर अंधुक दिसू लागते. वयाचे नाव उपकरणाला मिळाले ते यामुळेच. या शब्दाला पुढे पडद्याच्या उंचीच्या संदर्भात अनपेक्षित महत्त्व प्राप्त झाले, ते यथाक्रम येईल.

गावाच्या पातळीवर लेखनाचे ठिकाण म्हणजे कुलकर्ण्याचे दप्तर होय. रुमालात बांधलेले कागद, मोडी लिपी, मांडीवर किंवा उतरत्या लाकडी पेटीवर धरलेला बंद, आणि डाव्या हाताने येणारा प्रकाश, म्हणजे लिहित्या हाताची सावली अक्षरावर पडत नाही, अशी ही मांडणी होती. तिच्यात डोळा आणि हात एकाच ठिकाणी काम करीत. जेथे लेखणी टेकली तेथेच नजर असे. सोय मोठी, परंतु मान सतत वाकलेली. या दुखण्याची नोंद युरोपात फार पूर्वी झाली. बर्नार्दिनो रामात्झिनी या इटालियन वैद्याने कारागिरांच्या रोगांवरील आपला ग्रंथ १७०० साली प्रसिद्ध केला. १७१३ च्या आवृत्तीत त्याने लेखनिकांच्या विकारांची तीन कारणे दिली : सतत बसून राहणे, हाताची एकच हालचाल अखंड करणे आणि चूक होऊ नये म्हणून मनावर पडणारा ताण. ही तिन्ही कारणे आजच्या संगणकचालकाला तंतोतंत लागू पडतात. श्रमाला माणसाशी जुळवून घेणाऱ्या शास्त्राचे इंग्रजीत रूढ झालेले ‘एर्गोनॉमिक्स’ हे नाव वोयचेह यास्त्शेंबोव्स्की या पोलिश पंडिताने १८५७ साली प्रथम योजिले, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४९ साली, इंग्लंडमध्ये मरेलने त्यास पुन्हा चलन दिले. नाव नवे असले तरी त्यामागील दुखणे मात्र दप्तराइतकेच जुने होते.

४. केडगावचा छापखाना

खुटबावच्या पुढचे स्थानक केडगाव. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई यांनी अनाथ मुली व विधवा यांना येथे आश्रय दिला आणि त्यातून मुक्ती मिशनचा विस्तार झाला. या संस्थेत जे उद्योग शिकवले जात त्यांत छापखान्याचाही समावेश होता. रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक या मूळ भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर केले. त्यांच्या मृत्यूनंतर (१९२२) ते १९२४ साली संपूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाले, आणि त्याच्या छपाईचे काम संस्थेतील स्त्रियांनी केले. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात स्त्रियांनी मजकुरावर यंत्राच्या साहाय्याने केलेल्या कामाचा हा एक आरंभीचा आणि ठळक दाखला होय.

मांडणीच्या इतिहासात छापखान्याचे स्थान वेगळे आहे. देवनागरीचे खिळे जुळवणे हे रोमन लिपीपेक्षा कितीतरी अवघड काम. स्वर, व्यंजने, मात्रा, रफार, जोडाक्षरे या सर्वांसाठी स्वतंत्र खिळे लागत. त्यामुळे खिळ्यांच्या घरांचे तक्ते रुंद होत, आणि जुळाऱ्याला त्यांच्यापुढे उभे राहून दोन्ही बाजूंना हात फिरवावा लागे. तक्ते तिरपे लावलेले असत. वरची घरे दूर व उंच, खालची जवळ. ज्या खिळ्यांची वारंवार गरज पडे ते हाताजवळ आणि क्वचित लागणारे दूर, असा क्रम असे.

येथे प्रथमच डोळा आणि हात यांची ताटातूट झाली. नजर समोर लावलेल्या हस्तलिखितावर, तर हात खिळ्यांच्या घरात. टंकलेखन यंत्राने हीच विभागणी कचेरीत आणली : मूळ कागद बाजूला, अक्षरे बोटांखाली आणि टंकित मजकूर समोर. संगणकाच्या पडद्याने ती पूर्णत्वास नेली. कळफलक हातांच्या पातळीवर आणि मजकूर डोळ्यांच्या पातळीवर, हा संगणकाच्या मांडणीचा मूळ सिद्धान्त छापखान्यात सिद्ध झालेला होता. पुढे मांडीवरच्या संगणकाने पडदा आणि कळफलक यांना पुन्हा एका बिजागरीने जखडले, आणि वाचक नकळत कुलकर्ण्याच्या वाकलेल्या मानेकडे परतला. म्हणूनच असा संगणक दीर्घकाळ वापरावयाचा असल्यास तो उंच ठोकळ्यावर ठेवून निराळा कळफलक जोडावा, किंवा निराळा पडदा बसवावा, अशी शिफारस केली जाते. ती डोळा व हात यांना पुन्हा एकदा विलग करण्याची शिफारस आहे.

५. पडदा आणि मॉनिटर

‘पडदा’ हा फारसीतून आलेला शब्द मराठीत आरंभी झाकणाऱ्या वस्तूचा वाचक होता. नाटकाचा पडदा दृश्य झाकतो आणि उघडला की दृश्य दिसते. चित्रपटाने हा अर्थ उलटा केला : पडद्यावर दृश्य दिसते, पडदा नसेल तर काहीच दिसत नाही. संगणकाने हा दुसरा अर्थ उचलला. तथापि पहिला अर्थ पूर्णपणे लोपला नाही. पडद्याची पाठ ज्याच्याकडे असते त्याच्यापासून तो आजही मजकूर झाकतो.

‘मॉनिटर’ या शब्दाचा प्रवास याहून वळणाचा आहे. लॅटिनमधील ‘इशारा देणे, बजावणे’ या अर्थाच्या धातूपासून तो निघाला. अठराव्या शतकाच्या अखेरीस अँड्र्यू बेल याने मद्रास येथील अनाथ मुलांच्या शाळेत थोरल्या विद्यार्थ्यांकडून धाकट्यांना शिकवण्याची पद्धती अवलंबिली. वाळूवर बोटाने अक्षरे गिरवणारी देशी मुले पाहून त्याने लेखनशिक्षणाची तीच रीत उचलली होती. महाराष्ट्रातील पंतोजींच्या शाळांतील धूळपाटी याच जातीची. बेलच्या आणि जोसेफ लँकेस्टरच्या पद्धतीतील या थोरल्या विद्यार्थ्यांना मॉनिटर म्हणत. मराठी शाळेत वर्गावर लक्ष ठेवणाऱ्या मुलास ‘मॉनिटर’ म्हणण्याचा प्रघात त्याच परंपरेतला. विसाव्या शतकात प्रक्षेपणाच्या कामात चित्रावर लक्ष ठेवण्यासाठी जो पडदा वापरीत, त्यास तेच नाव मिळाले आणि तेथून ते संगणकाकडे गेले. मराठी भाषकाला हा शब्द वर्गातून आधीच परिचित होता. त्यामुळे नवी वस्तू आली तेव्हा तिचे नाव परके वाटले नाही.

वस्तूचा इतिहास असा की, कार्ल फर्डिनांड ब्राउन याने १८९७ साली ऋणकिरण नलिका सिद्ध केली. महाराष्ट्रात संगणकाला जोडलेला असा पडदा फार लवकर आला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९५५ पासून रचलेला आणि १९६० साली कार्यान्वित झालेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक आलेख व अक्षरचिन्हे दाखवणाऱ्या नलिका-पडद्याने युक्त होता. सामान्य घरात पडदा पोहोचला तो दूरचित्रवाणीच्या रूपाने. मुंबई केंद्राचे प्रक्षेपण २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, आणि पुढे सिंहगडावरील मनोऱ्यामुळे पुण्याच्या आसमंतातही चित्र दिसू लागले. दूरचित्रवाणीची पेटी घरात ठेवण्याची जी सवय लागली, तीच पुढे संगणकाच्या मांडणीला नडली. दूरचित्रवाणी अनेकांनी लांबून पाहावयाची, म्हणून ती उंच फळीवर किंवा कपाटावर ठेवीत. संगणकाचा पडदा एकाने जवळून वाचावयाचा असतो. या दोन गरजांतील भेद अनेक ठिकाणी ध्यानात आला नाही.

६. पडदा गावात येतो

ग्रामीण महाराष्ट्रात संगणकाचा प्रसार तीन वाटांनी झाला. पहिली वाट बँका व रेल्वे यांची. रेल्वेची संगणकीय आरक्षण व्यवस्था १९८५-८६ च्या सुमारास दिल्लीत सुरू होऊन इतरत्र पसरली. बँकांच्या संगणकीकरणासंबंधी रंगराजन समितीचे अहवाल १९८४ व १९८९ साली आले. दुसरी वाट भाषेची. पडद्यावर देवनागरी अक्षर उमटल्याखेरीज गावच्या कारभारात संगणकाला प्रवेश नव्हता. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने ‘जिस्ट’ तंत्राचा प्रसार केला, आणि भारतीय लिप्यांसाठीची ‘इस्की’ ही संकेतप्रणाली १९९१ साली मानक म्हणून स्वीकृत झाली. तिसरी वाट शिक्षणाची व ग्रामप्रशासनाची. २००१ पासून ‘एमएस-सीआयटी’ या अभ्यासक्रमाने तालुक्यांतील व मोठ्या गावांतील तरुणांना कळफलकापुढे बसवले, आणि २०११ साली ‘संग्राम’ योजनेने ग्रामपंचायतींच्या कचेऱ्यांत संगणक आणला. पुढे तिची जागा ‘आपले सरकार’ सेवा केंद्रांनी घेतली.

या काळातील आरंभीचे पडदे काचेच्या नलिकेचे होते. पंधरा-सतरा इंची पेटीचे वजन बारा ते वीस किलो, खोली दीड फुटाच्या घरात, आतील नलिकेत निर्वात पोकळी आणि तिच्यावर वीस हजार व्होल्टांहून अधिक दाब. वजनाचा बहुतेक भाग पुढील जाड काचेत असल्याने पेटीचा तोल पुढे असे. अरुंद मेजावर तिचा मागील भाग भिंतीला टेके आणि पुढचा भाग कडेपर्यंत येई. वाचकाच्या डोळ्यापासून काच हातभरही दूर राहत नसे. पेटी कडेवरून घसरली तर काच आतल्या बाजूस फुटून तुकडे उसळत. अशा पेट्यांच्या बाबतीत रुंद व जड मेज, मागे हवा खेळण्यास जागा आणि लहान मुलांच्या आवाक्याबाहेरची मांडणी, एवढे तीन नियम पाळले तरी पुरे होते. ते पाळणे मात्र सुटसुटीत मेज विकत घेणाऱ्यास क्वचितच साधे.

याच सुमारास युरोपात पडद्यापुढील कामाचे नियमन सुरू झाले होते. स्वीडनमध्ये १९८७ व १९९० साली पडद्यांची मानके ठरली. युरोपीय समुदायाने २९ मे १९९० रोजी पडद्यावरील कामासंबंधी निर्देश काढला. त्यात पडदा काम करणाऱ्याच्या गरजेप्रमाणे सहज वळवता व कलवता यावा आणि त्यावर चकाकी वा प्रतिबिंब नसावे, असे सांगितले होते. ‘आयएसओ ९२४१’ या मानकमालिकेने बसण्याची उंची, अंतर, अक्षराचा आकार या सर्वांची मोजमापे दिली. त्यांचे सार थोडक्यात असे : पडदा वाचकाच्या बरोबर समोर, साधारण हातभर म्हणजे ५० ते ७० सेंटिमीटर अंतरावर असावा, त्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीवर किंवा किंचित खाली यावी, म्हणजे नजर स्वाभाविकपणे थोडी उतरती राहते, आणि खिडकी पडद्याच्या पुढे किंवा मागे न येता बाजूला यावी. दप्तर लिहिणारा डाव्या हाताच्या खिडकीपाशी बसे. त्याचे कारण सावलीचे होते, आजचे कारण चकाकीचे आहे. दोहोंचे उत्तर मात्र एकच निघाले.

ही मोजमापे खुर्चीवर बसणाऱ्या माणसाची आहेत. खुर्चीवर बसलेल्या प्रौढाचा डोळा जमिनीपासून साधारण ११० ते १२० सेंटिमीटरवर येतो. मांडी घालून बसलेल्याचा डोळा सत्तर-पंचाहत्तर सेंटिमीटरवर. बैठकीच्या खोलीत, गादीवर बसून हिशेब लिहिणाऱ्या दुकानदाराने पडदा खुर्चीच्या मापाने भिंतीवर लावला, तर त्याची मान दिवसभर वर राहील. म्हणून उंचीचा आकडा पाठ करण्यापेक्षा, नेहमीच्या आसनावर बसून, नजर सरळ ठेवून, भिंतीवर खूण करणे हीच शहाणपणाची रीत होय.

चाळिशीचा प्रश्न येथे पुन्हा उपस्थित होतो. दुहेरी भिंगाच्या चष्म्यात जवळचे वाचण्याचा भाग खालच्या अर्ध्यात असतो, कारण तो मांडीवरच्या किंवा मेजावरच्या कागदासाठी, म्हणजे दप्तराच्या मांडणीसाठी घडलेला आहे. उभ्या पडद्यापुढे असा चष्मा घालणारा माणूस हनुवटी वर उचलून खालच्या भिंगातून पाहू लागतो आणि संध्याकाळी मान धरते. त्याच्यासाठी पडदा नेहमीपेक्षा खाली आणि थोडा मागे कललेला असला पाहिजे, किंवा पडद्याच्या अंतराचा स्वतंत्र चष्मा करून घेतला पाहिजे. अक्षर मध्यम असावे हा समर्थांचा उपदेशही येथे शब्दशः पाळता येतो, कारण पडद्यावरील अक्षर वाटेल तेव्हा मोठे करता येते. कागदाला ही सोय नव्हती.

७. भिंत, खिळा आणि भार

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात चपटे पडदे आले आणि वजन तीन ते सहा किलोवर उतरले. हलकेपणामुळे पडदा भिंतीवर गेला. त्याला आधार देणाऱ्या चौकटी कोणत्याही कारखान्याच्या पडद्याला बसाव्यात यासाठी १९८९ साली स्थापन झालेल्या ‘व्हेसा’ या उत्पादकसंघाने पाठीमागील छिद्रांची मापे ठरवून दिली. नेहमीच्या पडद्यास ७५ किंवा १०० मिलिमीटर बाजूच्या चौरसात चार छिद्रे असतात आणि त्यांत ४ मिलिमीटर व्यासाचे स्क्रू बसतात. ७५ च्या चौरसावर आठ किलोपर्यंत आणि १०० च्या चौरसावर चौदा किलोपर्यंत भार मानकाने मान्य केला आहे. स्क्रू लांब असेल तर तो आतील भागास इजा करतो, आखूड असेल तर धरत नाही.

भिंतीकडील बाजू मात्र कोणत्याही मानकाने ठरवून दिलेली नाही. ती गवंड्याच्या हातची. मराठीत ‘खिळा’ हा शब्द छापखान्यातील अक्षरालाही लागतो आणि भिंतीतील लोखंडालाही. पहिला चुकला तर शब्द बिघडतो, दुसरा चुकला तर वस्तू पडते. पूर्वी भिंतीत लाकडाचा निमुळता ठोकळा, म्हणजे गिट्टी, बसवून त्यात स्क्रू पिळीत. १९११ च्या सुमारास जॉन जोसेफ रॉलिंग्ज या इंग्रज कंत्राटदाराने ब्रिटिश म्युझियमच्या भिंतींना इजा न होता विजेची उपकरणे बसवता यावीत म्हणून तंतूंची पोकळ नळी शोधून काढली; स्क्रू आत गेला की ती फुगून छिद्र घट्ट धरते. आज वापरात असलेली प्लास्टिकची नळी तिचीच वंशज होय.

तिची पकड सर्वस्वी भिंतीच्या जातीवर अवलंबून असते. पक्क्या विटेत किंवा काँक्रीटमध्ये ती उत्तम धरते. गिलाव्याचा थर एक-दोन सेंटिमीटरचा असतो. नळी तेवढ्यातच राहिली तर गिलाव्यासकट बाहेर येते. दगडमातीच्या जुन्या भिंतीत छिद्र पाडले की माती ढासळते आणि छिद्र रुंदावते. अशा भिंतीवर पडदा टांगूच नये. मेजाच्या फळीला आवळून बसवायचा खांब किंवा पडद्याची मूळ बैठकच तेथे बरी.

पुढे ओढता येणारा लोखंडी हात बसवताना भाराचा हिशेब बदलतो, आणि येथेच बहुतेकांची फसगत होते. समजा पडदा पाच किलोचा आहे आणि हात पूर्ण ताणल्यावर तो भिंतीपासून पन्नास सेंटिमीटरवर येतो. भिंतीतील वरच्या व खालच्या स्क्रूंत दहा सेंटिमीटर अंतर असेल, तर वरच्या स्क्रूंवर भिंतीतून उपटून काढणारी ओढ पाच किलोची नसून सुमारे पंचवीस किलोची असते. विहिरीवरची ओकती ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे गणित सांगावे लागत नाही : भार किती आहे याबरोबरच तो आधारापासून किती दूर आहे हेही पाहावे लागते. त्यात हात पुढे ओढतानाचा हिसका आणि कडेला लटकणारे मूल यांची भर पडली, तर हिशेब आणखी चढतो.

म्हणून पडदा चढवण्यापूर्वी काही गोष्टी क्रमाने कराव्या लागतात. पडद्याचे वजन व छिद्रांचे माप पाहावे. भिंत ठोकून तिची जात ओळखावी. विजेच्या बटणाच्या सरळ वर, खाली व आडव्या रेषेत पुरलेली तार असण्याचा संभव असतो, म्हणून तेथे छिद्र पाडू नये, आणि छिद्र पाडताना त्या खोलीचा प्रवाह बंद ठेवावा. चौकट समपातळीत लावून, तीवर हाताने भार देऊन परीक्षा घ्यावी आणि मगच दोघांनी मिळून पडदा कडांना धरून चढवावा. दर्शनी भागावर दाब देऊ नये. तारांना हाताच्या हालचालीपुरती ढील ठेवावी. ज्याची खूट तीन कांड्यांची आहे, त्याची तिसरी कांडी मोडून दोन छिद्रांत बसवू नये. ती भूयोजनाची असते आणि लोखंडी आधारावर उतरलेल्या प्रवाहापासून तीच वाचवते.

८. पडदा कोणाकडे?

उंची, प्रकाश आणि भार यांविषयी एवढे सांगितल्यावर चौथे अंग उरते, ते दिशेचे. कुलकर्ण्याचे दप्तर त्याच्या घरी असे आणि मोडी वाचणारे थोडे असत. त्यामुळे जमिनीच्या नोंदीत काय लिहिले आहे हे रयतेला त्याच्याच तोंडून ऐकावे लागे. मुंबई राज्याच्या १९५० च्या कायद्याने परगणा व कुलकर्णी वतने संपुष्टात आली, दप्तर सरकारी नोकराकडे गेले, नोंदी बालबोधीत आल्या आणि गाव नमुना सात व बारा शेतकऱ्याच्या ओळखीचा झाला. चावडीवर वही समोर उघडली की शेतकरी निदान आपले नाव बोटाने दाखवू शके. मेजावर आडवी पसरलेली वही दोन्ही बाजूंनी दिसते.

उभा पडदा मात्र एकाच बाजूने दिसतो. सात-बाराच्या संगणकीकरणानंतर नाव, क्षेत्र किंवा वारस यांतील चूक जेथे उमटते तो पडदा चालकाकडे तोंड करून असतो आणि शेतकऱ्याकडे त्याची पाठ असते. चूक कळते ती छापील उतारा हाती आल्यावर, कित्येकदा कर्जाच्या किंवा वाटणीच्या वेळी. २०१७ साली संगणकीकृत उतारे बिनचूक करण्यासाठी राज्यात चावडी वाचनाची मोहीम घेण्यात आली. नोंदी मोठ्याने वाचून दाखवून खातेदारांकडून चुका विचारण्यात आल्या. पडद्याची पाठ फिरल्यामुळे जे दिसेनासे झाले होते, ते कानांवाटे परत मिळवण्याचाच तो उपक्रम होता, असे म्हणता येईल.

ज्या युरोपीय निर्देशाने पडदा वळता असावा असे सांगितले, त्याच्यापुढे काम करणाऱ्याची मान होती. मेजापलीकडे उभ्या असलेल्या माणसाचा विचार त्याच्या कक्षेत नव्हता. परंतु तोच वळता हात पडदा चालकाकडून नागरिकाकडे फिरवू शकतो. रेल्वेच्या अनेक आरक्षण खिडक्यांवर प्रवाशाकडे तोंड केलेला दुसरा पडदा असतो आणि तिकीट निघण्यापूर्वीच नाव व तारीख यांतील चूक प्रवासी दाखवून देतो. गावच्या कचेरीतही नोंद पक्की होण्यापूर्वी पडदा शेतकऱ्याकडे वळवण्याची सोय अवघड नाही. भिंतीत भक्कम बसवलेली चौकट, पुरेशी ढील असलेली तार आणि वळवण्याची तयारी, एवढेच तिला लागते.

ठवणी वाचकाकडे कललेली असे, तर व्यासपीठ श्रोत्यांकडे तोंड करून असे. खाजगी वाचन आणि सार्वजनिक वाचन यांसाठी जुन्या व्यवहाराने दोन निराळ्या वस्तू आणि दोन निराळे शब्द राखले होते. संगणकाच्या पडद्याने ही दोन्ही कामे एकाच वस्तूवर टाकली आहेत. घरी तो ठवणी आहे. त्याची मांडणी एका माणसाच्या डोळ्यांवरून, आसनावरून आणि चाळिशीवरून ठरवावी. कचेरीत तो व्यासपीठही आहे. तेथे तो बसवताना चालकाच्या मानेबरोबर मेजापलीकडे ताटकळणाऱ्या खातेदाराच्या नजरेचेही माप घेतले पाहिजे.